वजाबाकी न येणारा कीबोर्ड

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्या अंगावर चार वेगवेगळ्या कीबोर्डांच्या कळा बसवलेल्या आहेत. त्यामुळे 'मी' म्हणताना थोडा संकोच वाटतो.

माझं तरुणपण अंबरनाथच्या एका कारखान्याच्या ऑफिसात गेलं. तिथल्या वृंदाताई इतक्या अलगद टाईप करत की शेजारचे लोक विचारत, "बाई काम करतायत की नुसत्या बसल्यात?" घरी जाताना त्या मला फडक्याने पुसत. त्या निवृत्त झाल्या आणि मी भंगारातून उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या एका दुकानात पोचलो. सिंधी दुकानदाराने माझ्या तुटलेल्या कळांच्या जागी हाताला लागतील त्या बसवल्या. 'एम' सापडेना, म्हणून 'डब्ल्यू' उलटा लावला. समोरचं गिऱ्हाईक कुरकुरलं, तेव्हा तो म्हणाला, "साईं, नया जैसा है. छोटा है, जगह भी कम खायेगा."

ते गिऱ्हाईक म्हणजे कुळगावातल्या एका कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबचे असिस्टंट, महेंद्र सर. तिथे मुलांनी मला भरपूर बडवलं. काही दिवसांनी माझी वजाची कळ अडकली. ती खाली जाईच ना. मी छोट्या चणीचा, आकड्यांच्या वेगळ्या कळा मला नाहीत, म्हणजे वजाचं चिन्ह त्या एकाच जागी. मुलं ते दुसऱ्या फाईलमधून उचलून चिकटवत. तक्रार कोणी करत नसे, कारण तक्रार करणाऱ्याला महेंद्र सर अर्ज लिहायला लावत.

मग पहिल्या वर्षाची प्रॅक्टिकल परीक्षा आली. प्रश्न होता बँक खात्याचा प्रोग्रॅम: पैसे भरणं, पैसे काढणं, शिल्लक दाखवणं. माझ्यासमोर सरू बसली होती, बारवी धरणाजवळच्या पाड्यावरची. मामाने फी भरताना बजावलं होतं, नापास झालीस तर कॉलेज बंद. त्यात बाहेरून आलेले परीक्षक चिंतामणी सर दारातूनच म्हणाले, "कॉपी-पेस्ट दिसलं की शून्य. एकूण एक अक्षर हाताने."

पैसे भरण्याचा भाग सरूने झरझर लिहिला. त्याला अधिकचं चिन्ह पुरतं. पैसे काढण्यापाशी ती थांबली.

"महेंद्र सर, वजाचं बटण चालत नाही."

"जोरात दाब."

"दाबलं."

"मग हळू दाब."

"दुसरं मशीन द्या ना."

"सगळी फुल्ल आहेत. ॲडजस्ट कर."

"मग हे बटण उपटून बघू?"

"खबरदार! कॉलेजची प्रॉपर्टी आहे."

सरूने माझ्यावरून हात काढले. मला वाटलं, ही आता रडणार. पण ती पुटपुटत होती, "पासष्ट... हे सत्तर, हे ऐंशी, हे शंभर." आणि एकदम तिने टाईप करायला घेतलं.

थोड्या वेळाने चिंतामणी सर आले. खात्यात पाचशे, काढले एकशेवीस. पडद्यावर तीनशेऐंशी. बरोबर! मग त्यांनी प्रोग्रॅम वाचला आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"एकशेवीसपासून एकेक रुपया मिळवत पाचशेपर्यंत जातेस, आणि किती मिळवले ते मोजतेस? एका चिन्हाचं काम होतं, मुली!"

"ते चिन्हच उमटत नाही, सर. आई भाजी विकते ना, ती सुट्टे असेच देते. पासष्टची भाजी, शंभरची नोट. पासष्टपासून शंभरपर्यंत मोजत हातावर ठेवायचे."

सरांनी माझी कळ बोटाने दाबली. मग अंगठ्याने.

"सर, हळू," महेंद्र सर म्हणाले.

सरांनी आता पाचशेच्या खात्यातून नऊशे काढायला सांगितले. पडद्यावर उमटलं: 'तेवढे नाहीत, काका.' लॅब खिदळली. सर हट्टाला पेटले. त्यांनी शिल्लक लिहून पुढे शून्यांची रांग लावली आणि काढले फक्त दहा रुपये. आकडा मोजता मोजता कॉम्प्युटरचा पंखा घुरघुरू लागला. सर घड्याळ पाहू लागले. सरूने ओढणीचं टोक मुठीत गच्च धरलं होतं.

"अडकला तुझा प्रोग्रॅम."

"नाही सर, सुट्टे मोजतोय. एवढी मोठी नोट भाजीवालीला देतं का कोण?"

अखेर उत्तर आलं. सरांनी त्यातली नऊच्या आकड्यांची रांग बोटाने मोजून पाहिली. बरोबर होतं.

"पास," ते म्हणाले. "पण बँकेत नोकरीला लागलीस तर हे असं करू नकोस. लोक रांगेत म्हातारे होतील."

सरूने मूठ सोडली. मग महेंद्र सरांकडे वळून विचारलं, "आता उपटू?" ते काही बोलायच्या आत चिंतामणी सरांनीच मान हलवली. तिने केसातली पिन काढून कळ उचलली. खाली चिवड्यातलं एक डाळं होतं. महेंद्र सर खिडकीबाहेर पाहू लागले.

मित्रांनो, आमच्यातलं काही अडलं तर बडवण्याआधी जरा उचलून खाली बघा. आणि चिवडा व्हरांड्यात खा. आम्हाला कळा पुष्कळ आहेत, दात एकही नाही.