पाळीवरचा मधला पाइप

गजेंद्र सरांना सायकलचा नाद लागला तो डॉक्टरांमुळे. शुगर निघाली, तशी त्यांनी गिअरची सायकल घेतली आणि रोज सकाळी कॉलेजला जायच्या आधी अमरावतीबाहेरच्या तलावाच्या पाळीवर चकरा मारायला सुरुवात केली. पाळीवर दीड-दोन किलोमीटरची मुरमाची वाट होती, एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला उतार. वाट सगळ्यांची होती आणि सरांचा वैतागही तोच होता. चौघी-चौघी हात हलवत आडव्या चालायच्या. कानात इअरफोनची बोंडं घातलेल्यांना घंटी ऐकूच यायची नाही. बकऱ्या मध्येच फतकल मारून बसायच्या. त्यात दूधवाल्यांच्या मोटरसायकली अशा सुसाट यायच्या, की म्हातारी माणसं उताराकडे सरकून जीव मुठीत धरून उभी राहायची.

आणि बुधाजी. तलावापलीकडच्या गावचा हा साठीचा माळी रोज झेंडूची दोन मोठी गाठोडी कॅरिअरच्या दोन्ही अंगांना बांधून, जुन्या काळ्या सायकलवर फुलबाजारात निघायचा. अख्खी वाट त्यानेच भरायची. सर मागून घंटी वाजवत राहायचे. म्हातारा मान न वळवता म्हणायचा, "थांबा बाप्पा, जागा भेटली का देतो." जागा भेटेपर्यंत सरांचा दम गेलेला असायचा.

श्रावण संपता संपता एका मोटरसायकलने फिरायला आलेल्या बाईंना उडवलं. बाईंचं खरचटण्यावर निभावलं, पण सरांनी पाळीवर येणाऱ्या सायकलवाल्यांच्या ग्रुपमध्ये विषय काढला आणि नेटाने लावून धरला. परवानगीच्या भानगडीत कोणी पडलं नाही. एका रविवारी वेल्डर आणून पाळीच्या दोन्ही तोंडांना वाटेवर ओळीने तीन-तीन लोखंडी पाइप रोवले. दोन पाइपांमधल्या फटीतून माणूस जाईल, नुसती सायकल जाईल, मोटरसायकल नाही. किती अंतर ठेवायचं, ते सरांनीच टेप धरून सांगितलं. टेप धरताना बुधाजीची गाठोडी त्यांच्या मनात आली नाहीत, असं नाही. आली होती. पण म्हातारा आडवा येणार नाही, तेवढीच वाट मोकळी होईल, एवढाच विचार त्यांनी केला.

मोटरसायकली थांबल्या. लोकांनी ग्रुपला शाबासकी दिली. बुधाजी मात्र आता पाइपांपाशी उतरायचा, गाठोडी सोडायचा, एकेक पलीकडे न्यायचा, सायकल काढायचा आणि पुन्हा बांधायचा. पाळीच्या दुसऱ्या टोकाला पुन्हा तेच. चार-पाच दिवस सर शेजारून निघून गेले. एकदा त्याने हात केला.

"सर, तुमी शिकलेले मानूस. हा मधातला एक पाइप काढता येईन काय? मले बाजारात जायाले उशीर होऊन राहिला. उशिरा कोनी फूल इचारत नाई."

सरांच्या तोंडून एका क्षणात निघून गेलं, "ते वरून झालंय काका. आमच्या हातात नाही."

"कोनाले सांगा लागते मंग?"

"बघतो मी," म्हणत सरांनी पायडल मारलं.

त्यानंतर बुधाजी पाळीवर दिसला नाही. वाट मोकळी झाली. सरांच्या चकरा वेळेत होऊ लागल्या, आणि खरं सांगायचं तर पहिले काही दिवस त्यांना बरंच वाटलं. दसऱ्याच्या तोंडावर पाळीवर शेंगा विकणाऱ्या माणिकबाईंनी सांगितलं, "बुधाजी हायवेनं जाऊ लागला होता. ट्रकनं धक्काबी नाई देल्ला, नुसत्या हवेनं गाठोडं हाललं अन् म्हातारा रोडाखाली गेला. मांडीचं हाड मोडलं."

त्याच संध्याकाळी सर वेल्डरला घेऊन पाळीवर आले. ग्रुपमध्ये कुरकुर झाली, मोटरसायकली पुन्हा येतील म्हणून. सरांनी ऐकलं नाही. दोन्हीकडचे मधले पाइप कापायला मोजून वीस मिनिटं लागली.

रविवारी ते बुधाजीच्या घरी गेले. म्हातारा ओसरीत खाटेवर पडला होता, पायाखाली उशी. सून शकुन घरालगतच्या वाफ्यांतली झेंडूची उपटलेली झाडं बांधावर टाकत होती. तोडायला माणूस नाही म्हणून फुलं झाडावरच वाळली होती.

सरांना पाहून बुधाजी कोपरावर उठला. "या सर. पाइप काढला म्हनते न? तुमी वरच्याइले सांगतलं असन. लय उपकार झाले."

सर स्टुलावर बसले. येताना वाटेत ठरवलेलं काहीच आठवेना.

"काका, वरचं कोणी नव्हतं. पाइप आम्हीच लावले. अंतर मीच मोजून दिलं होतं. तुम्ही विचारलं, त्या दिवशीसुद्धा काढता आला असता."

शकुन बांधावरून ओसरीपाशी आली होती. तिने मातीचे हात झटकले.

"मंग तवा काहून नाई सांगतलं?" तिने विचारलं.



"मी तं पुन्हा इचारनार होतो," बुधाजी हळूच म्हणाला. "दोन-तीन खेपा मनात आलं. मंग म्हनलं, जाऊ दे, सरइच्याच हातात नाई तं त्याइले कायले तरास द्या."

त्याने पुन्हा उशीवर डोकं टेकलं. शकुनने पाणी आणून दिलं, तेही सरांच्या हातात न देता स्टुलाशेजारी ठेवलं. सरांनी दवाखान्याचं विचारलं, मदतीचं विचारलं. "पोरगं पाहून राहिलं," एवढंच उत्तर आलं.

ते उठले तेव्हा बुधाजीचे डोळे मिटलेले होते. झोप लागली होती की बोलायचं नव्हतं, ते कळलं नाही. सर अंगणात थोडे घुटमळले. शकुन बांधाकडे परत गेली होती आणि रिकाम्या वाफ्यांत हरभऱ्यासाठी माती मोकळी करत होती.