अवेरोचा बोलका ढोल

मित्रांनो, मी एक जुना बोलका ढोल आहे. स्वतःचा ढोल बडवू नये म्हणतात, पण मी ढोलच, मी दुसरं काय करणार? तरी आज मी माझ्यापेक्षा अवेरो नावाच्या नटीबद्दल जास्त सांगणार आहे. तिच्या वाट्याला जे आलं त्यात माझाही दोष आहे, हे आधीच कबूल करतो.

इबादान शहराबाहेर हमरस्त्याच्या कडेला एक झाड होतं, त्यातून मला कोरलं. आडरानातलं झाड आमच्यात चालत नाही. रस्त्याकडेच्या झाडानं जन्मभर माणसांचं बोलणं ऐकलेलं असतं, म्हणून त्याचाच ढोल नीट बोलतो. माझी कंबर बारीक आहे, दोन्ही तोंडांना बकरीचं कातडं आहे आणि अंगभर चामड्याच्या दोऱ्या आहेत. काखेत धरून दोऱ्या आवळल्या की माझा सूर चढतो, सोडल्या की उतरतो. आमची योरुबा भाषाच चढउताराची. तो चढउतार मी काढतो, शब्द ऐकणाऱ्यानं भरायचे. पण एकाच सुरात चार शब्द बसतात, म्हणून जाणता वादक कधी तुटक वाजवत नाही. साधा चंद्र म्हणायचा असला तरी तो 'रात्री गावावर उगवणारा पांढरा चंद्र' एवढं लांबण लावतो. माझा वादक आयांलेरे नवशिक्यांना हेच बजावायचा.

आयांलेरे एका फिरत्या नाटकमंडळीत होता आणि अवेरो त्या मंडळीच्या मालकाची तिसरी बायको. आमच्याकडे नट्या बहुधा अशा लग्न करूनच मंडळीत यायच्या. दुपारी लॉरीच्या टपावरून आम्ही गावभर दवंडी द्यायचो, संध्याकाळी शाळेच्या मैदानात खेळ व्हायचा. अवेरो राणी व्हायची, नवरी व्हायची. ती आत असतानाच मी तिची स्तुती वाजवायचो आणि लोक जागचे उठायचे. तेव्हा मला फार गर्व वाटायचा.

मग सिनेमा आला आणि आमची मंडळी त्यात गेली. अवेरोची चाळिशी उलटली होती. राणीचं काम दुसरीला गेलं आणि तिला पाळण्यातली बाळं खाणारी चेटकीण मिळाली. ते काम तिनं इतकं हुबेहूब केलं की बायका डोक्याचं फडकं डोळ्यांवर ओढून घ्यायच्या. ती पडद्यावर यायच्या आधी मी वाजायचो, 'चेटकीण आली, बाळ लपवा.' एवढंच, तुटक. दिग्दर्शकाला लांबण नको होतं. त्या सिनेमाचे पाच भाग निघाले, घरोघरी कॅसेटी गेल्या. गल्लीतली पोरं डबे बडवून माझे ते सूर काढायची.

एकदा बाजारात ती मिरच्या निवडत होती. विकणारी हात जोडून म्हणाली, "आई, माझ्या मालाला हात नका लावू. घरात लेकरंबाळं आहेत."

अवेरो हसून म्हणाली, "अगं, माझ्या दाढा पडल्यात. बाळ खाऊ कशानं?"

बाई हसली नाही. अवेरोनं उचललेल्या मिरच्या परत ठेवल्या.

पुढे तिच्या लेकीला, मोतुनरायोला, मुलगी झाली. आठव्या दिवशी बारसं होतं. आमच्याकडे लाडाचं नाव आजी देते, बाळाला मांडीवर घेऊन. अवेरोनं ते नाव कितीतरी दिवस मनात जपून ठेवलं होतं. लेकीच्या सासरी, ओग्बोमोशोला जाताना मोटारीत तिनं ते आयांलेरेच्या कानात सांगितलं. मी त्याच्या काखेत होतो, मीही ऐकलं.

ती म्हणाली, "दारात सगळं वाजव हां. अवेरो आली, मोतुनरायोची आई आली, बाळाचं नाव घेऊन आली."

"मोतुनची आई, आता मला शिकवतेस होय?" आयांलेरे म्हणाला.

वाटेत चाक पंक्चर झालं. पोचलो तेव्हा बाळाच्या ओठांना मध लावून झाला होता. आयांलेरेला धाप लागली होती आणि उशीर झाला म्हणून त्यानं घाई केली. त्यानं एवढंच वाजवलं, 'आजी आली, बाळ द्या.'

सूर तेच होते, सिनेमातले. ढोलही तोच. ध चा मा झाला. मोतुनरायोच्या सासूनं बाळ उचललं आणि आत जाऊन कडी लावली. मग आयांलेरेनं सगळी ओळ तीनदा वाजवली, पण आता ऐकतो कोण?

सासू खिडकीतून म्हणाली, "विहीणबाई, तुम्ही चांगल्याही असाल. पण पोर आठ दिवसांचं आहे हो."

"अहो, ते नाटक आहे. माझ्यानं घरातला उंदीरही मारवत नाही."

"असेल. पुढच्या खेपेला या."

मोतुनरायो अंगणातच उभी होती. ती मान खाली घालून राहिली. मला त्या पोरीचा फार राग आला.

दोन महिन्यांनी ती एकटी आली आणि तिनं नाव विचारलं. अवेरो म्हणाली, "दारातून परत पाठवलेल्या बाईनं नाव देऊ नये. पोर माझ्या मांडीवर ठेव, मग सांगते." लेक रडत गेली. पोर घेऊन ती कधी आली नाही.

त्यानंतर अवेरोला चेटकिणीशिवाय काम मिळालं नाही, आणि शेवटी तेही मिळेना. ती तापानं गेली तेव्हा मूठमाती द्यायला आयांलेरे आणि दोन खड्डा खणणारे होते. आयांलेरेनं मला खुंटीला टांगलं. वर्षभरात तोही गेला.

परवा एक तरुणी आयांलेरेच्या मुलाकडे आली. तो लाउडस्पीकर भाड्यानं देतो. ती अवेरोची नात होती.

ती म्हणाली, "माझं लग्न ठरलंय. मांडवात वादक मला लाडाच्या नावानं हाक मारणार. आजीनं काय नाव ठेवलं होतं?"

"बाबांनी जाताना वाजवून दाखवलं होतं," तो म्हणाला. त्यानं धूळ झटकून मला काखेत घेतलं आणि तीन ठोके दिले. खाली, खाली, वर.

"अबेके?" ती म्हणाली. "की असाके? की अदुके?"

"सगळी अशीच वाजतात, ताई. पुढे लांब ओळ होती. मी तेव्हा लक्ष दिलं नाही."

मित्रांनो, ढोल जुना झाला तर खुशाल टांगा. पण जुनं माणूस काही सांगत असेल तर ते शेवटपर्यंत ऐका, आणि दारात आलेल्याचं बोलणं पुरं होण्याआधी कडी लावू नका.

त्यानं मला पुन्हा पुन्हा वाजवलं. दर वेळी ती एक वेगळं नाव घ्यायची आणि आपणच 'ओ' देऊन बघायची. खऱ्या नावालाही तिनं 'ओ' दिली, आणि मग पुढचं नाव घेतलं.