रेहानाची उसनी संध्याकाळ

सकाळच्या कोवळ्या उन्हात जाड निळ्या पडद्याच्या कड्या गजावरून सरकल्याचा एक आखूड, खरखरीत आवाज होई आणि पाठोपाठ दिव्याचं बटण टिचकीसारखं वाजे. रेहाना आठवली की मला तिच्या चेहऱ्याआधी हे दोन आवाज आठवतात. बाहेर मेक्सिकोच्या त्या समुद्रकाठच्या गावावर ऊन नुकतंच सांडू लागलेलं असे, माडांच्या झावळ्यांवरून ते तुपासारखं ओघळत असे, कोळ्यांच्या होड्या किनाऱ्याला लागत असत. आणि माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगी घाईघाईनं संध्याकाळ तयार करत असे. पडदा घट्ट ओढायचा, फटीत टॉवेल खोचायचा, पिवळा दिवा लावायचा, केस दिवसभराच्या कामानं विस्कटल्यासारखे सैल सोडायचे, डोळ्यांत थोडा थकवा आणायचा. मग ती धुळ्याला फोन लावी. तिकडे खरीच संध्याकाळ झालेली असे, आणि तिच्या अब्बांची अशी पक्की समजूत होती की आपली मुलगी पुण्यात आहे.

आमची गाठ पडली तीही एका शब्दामुळे. जगभरातले लोक संगणक घेऊन त्या गावात येतात, महिने-दोन महिने राहतात, कामही करतात आणि फळ्या घेऊन लाटांवरही जातात. त्यांच्यासाठी किनाऱ्यालगत एक मोठी थंड खोली होती, लांबलचक टेबलं मांडलेली. मी नकाशे रेखाटण्याचं काम करत तिथे बसले होते. वीज गेली, आणि माझ्या पाठीमागून कुणीतरी कळवळून ओरडलं, "बठ्ठं गयं!" बठ्ठं म्हणजे सगळं; आमच्या खानदेशाबाहेर हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. मी पाचोऱ्याची, घरी शेती, घरात अहिराणी. न वळताच माझ्या तोंडून निघून गेलं, "काय गयं व?" मग मी वळून पाहिलं. उन्हानं रापलेली, उंच, टपोऱ्या डोळ्यांची एक मुलगी तोंडावर हात ठेवून माझ्याकडे बघत होती, आणि हसू की रडू हे तिचं ठरत नव्हतं.

त्या आठवड्यातच तिच्या शेजारची खोली मी घेतली, आणि महिन्याभरासाठी आलेली मी दोन वर्षांहून जास्त तिथे राहिले. एका विधवा बाईच्या घराची ती गच्ची; दोन खोल्या, मध्ये एक मोरी, आणि कठड्यापलीकडे पसरलेला समुद्र. पाचोरा आणि धुळे यांत अंतर ते किती. पण शेतकऱ्याच्या घरची मी आणि पिंजाऱ्याच्या घरची ती, आम्ही तिकडे एकमेकींच्या दारात कधी आलो असतो असं मला वाटत नाही. परक्या मुलखानं आम्हाला शेजारणी केलं. ती मला ताई म्हणू लागली. भाकरीला ज्वारी मिळत नसे, म्हणून तिथल्या मक्याच्या पिठाची आम्ही जाडजूड भाकरी थापायचो, आणि तिथल्याच वाळल्या मिरच्या भाजून त्यांचा ठेचा करायचो. ठसका लागला की रेहाना म्हणायची, "आते जरासं घरसारखं वाटस."

तिचे वडील सोनगीरकडच्या एका खेड्यातून धुळ्यात आलेले. पूर्वी खांद्यावर धनुकली टाकून गल्लोगल्ली कापूस पिंजत फिरायचे. नंतर आग्रा रोडच्या आतल्या अंगाला गाद्या-रजयांचं छोटं दुकान झालं, यंत्र आलं. गिऱ्हाईक खेड्यापाड्यांतलं, म्हणून घरातही अहिराणीच, मधूनच उर्दूचा एखादा मऊ शब्द. रेहाना त्यांचं वर्णन करी तेव्हा तिचे हात हवेत हलके हलके उघडत, जणू मुठीतला कापूस मोकळा होतोय. त्यांच्या पापण्यांवर बारीक तंतू कायम बसलेले असत, म्हणे; लहानपणी तिला वाटे की अब्बांच्या डोळ्यांवर रोज थोडं धुकं पडतं आणि रात्री जेवायच्या वेळी उतरतं.

थोरला भाऊ कुवेतला गेला आणि तिकडचाच झाला. आधी दरवर्षी यायचा, मग एखाद्या वर्षाआड, मग नुसता आवाज येऊ लागला. तेव्हाच अब्बा एकदा जेवताना म्हणाले होते, "एक पोऱ्या फोनमाच ऱ्हास. आते पोर नही." मुलगा फोनमध्येच राहतो, आता मुलीला नाही जाऊ देणार, एवढंच. हुकूम नव्हता तो. हुकूम असता तर रेहाना भांडली असती. ती विनवणी होती, आणि विनवणीशी भांडता येत नाही.

पुण्यात ती खरोखरच राहिली होती, काही वर्षं. अमेरिकेतल्या एका कंपनीचं काम. त्यांचा दिवस म्हणजे आपली रात्र. सूर्य उगवताना झोपायचं आणि मावळताना उठायचं, असं करता करता तिची पाळी बिघडली, केस गळाले, चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती सांगायची, "ताई, मी ऊन विसरनू व्हती." कुणीतरी या गावाचं नाव सांगितलं. इथला दिवस आणि कंपनीचा दिवस एकच होता. निव्वळ उजेडासाठी ती पृथ्वी ओलांडून आली, आणि आल्यापासून रोज सकाळी त्याच उजेडावर पडदा ओढू लागली.

खोट्याला स्वतःचा संसार असतो. एकदा घरात घेतलं की त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. लाटांचा आवाज फोनवर ऐकू जाई, तेव्हा ती सांगे की खिडकीखालून मोठा रस्ता जातो. घरमालकिणीचा कोंबडा नेमका त्याच वेळी आरवे. अब्बा हसत विचारत, "पुण्याना कोंबडा सांजले आरवस का?" आणि तीही हसत म्हणे, "आठे बठ्ठं उलटंच शे, अब्बा." इथे सगळं उलटंच आहे. त्या दिवशी फोन ठेवल्यावर ती तशीच पिवळ्या दिव्यापाशी बसून राहिली. पडदा मीच जाऊन उघडला.

एका ईदला ती घरीही जाऊन आली. मुंबईला उतरून मोठी बॅग तिनं मैत्रिणीकडे ठेवली आणि फक्त खांद्याची पिशवी घेऊन एसटीनं धुळ्याला गेली, पुण्याहून आल्यासारखी. अब्बा स्टॅंडवर घ्यायला आले होते. अम्मीनं तिचा रापलेला हात हातात घेऊन विचारलं, पुण्यात एवढं ऊन असतं का गं? घरी ती भर दिवसा मेल्यासारखी झोपायची. सगळ्यांना वाटलं, ऑफिसानं पोरीला पिळून काढलंय. अब्बांनी त्या दिवसांत दुपारी यंत्र बंद ठेवलं, तिची झोप मोडू नये म्हणून. 

मी तिला सांगून टाक म्हणायची. ती पुढच्या ईदचं नाव सांगायची.

मग तो डिसेंबर आला. त्या किनाऱ्यावर हिवाळा म्हणजे केवळ उन्हाची धार बोथट होणं. पहाटे पायाखालची वाळू गार लागे, इतकंच. पण बातम्यांत अब्बांनी ऐकलं की पुण्यात कडाक्याची थंडी पडली आहे. रेहानाला काही न सांगता त्यांनी नव्या कापसाची एक रजई भरली, तिला आवडणाऱ्या अंजिरी रंगाचं कापड घातलं, स्वतः टाके घातले, आणि ती गुंडाळून सकाळच्या एसटीत बसले. पुण्याचा पत्ता त्यांच्याजवळ होता. तिनंच केव्हातरी दिलेला, जुन्या खोलीचा.

त्या सकाळी नेहमीसारख्याच कड्या वाजल्या, दिवा लागला. मी गच्चीवर चहा घेत बसले होते. फोन आज तिकडून आला होता. दारातून तिचा आवाज आधी लाडिक, मग अडखळता, मग अगदीच बारीक ऐकू येऊ लागला, म्हणून मी दाराशी गेले.

फोनच्या पडद्यावर अब्बांचा चेहरा होता, खालून वर धरला की दिसतो तसा, हनुवटीच मोठी. मागे दिव्यांनी उजळलेलं एका इमारतीचं फाटक.

"खाले ये बेटा," ते म्हणत होते. "खाले उभा शे मी. तुनासाठे कायतरी लई उनू." तुझ्यासाठी काहीतरी घेऊन आलोय.

"मी बाहेर शे, अब्बा. ऑफिसमा."

"ऑफिसमा पलंग ऱ्हास का?" त्यात राग नव्हता. ते खरंच विचारत होते. मग म्हणाले, "वॉचमन म्हनस, या नावनं आठे कोनी ऱ्हास नही."

रेहाना काहीतरी बोलणार होती. मला दिसलं, ओठ हलले, नवं एखादं खोटं तिथपर्यंत येऊन थबकलं असावं. मग ती उठली. फोन हातात तसाच धरून खिडकीपाशी गेली, आणि दुसऱ्या हातानं तिनं तो निळा पडदा एका ओढीत बाजूला केला.

ऊन असं आत आलं की माझेही डोळे मिटले. माड, त्यांच्यापलीकडे चकाकणारं पाणी, पाण्यावर वाकून उडणारे मोठाले पक्षी, सगळं त्या छोट्या चौकटीतून पुण्यात रात्रीच्या तोंडावर एका फाटकासमोर उभ्या असलेल्या माणसाच्या तळहातावर जाऊन पडलं. ते पाहत राहिले. त्यांच्या मागून एक रिक्षा गेली.

"तठे सकाय शे?" त्यांनी विचारलं.

"हां, अब्बा."

"बरं," ते म्हणाले, आणि फोन बंद झाला.

रेहाना खिडकीशी उभीच राहिली, भर उन्हात. रडली नाही. खूप वेळानं तिनं मागे वळून तो पिवळा दिवा विझवला, कारण तो उगाच जळत होता.

दुसऱ्या दिवशी अब्बा धुळ्याला पोचले ते रिकाम्या हातांनी. रजईचं काय केलं, हे त्यांनी आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. तिनं फोन करणं सोडलं नाही. पण आता फोन अम्मी घेई, इकडचं तिकडचं बोले, आणि मागून यंत्राची घरघर ऐकू येई. दुकान बंद व्हायची वेळ टळून गेली तरी ते यंत्र चालूच असे. रेहाना कान देऊन त्या घरघरीतला एखादा खोकला वेगळा काढी, आणि तेवढ्यावर तिचा दिवस निघे. पडदा आता उघडा असायचा, पण त्या उजेडाकडे तिचं लक्ष नव्हतं. समुद्रावर जाणं तिनं हळूहळू बंद केलं. घरमालकीण एकदा मला खुणेनं विचारून गेली, हिचं कुणी वारलं का? उन्हाळा लागायच्या आत ती गाव सोडून धुळ्याला निघाली. मी अजून काही महिने थांबले.

नंतर मी पाचोऱ्याला आले तेव्हा चाळीसगावहून गाडी बदलून धुळ्याला गेले. दुकानावरच्या माडीवर त्यांचं घर. अब्बांना मी पहिल्यांदाच प्रत्यक्ष पाहत होते. ठेंगणे, नीटस, पापण्यांवर खरंच पांढरी लव. "या ताई. तुम्हीन पाचोराना शेतस ना?" म्हणत त्यांनी स्वतः सतरंजी झटकली. चहा झाला. रेहाना स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी होती.

आणि मग त्यांनी मला विचारायला सुरुवात केली. समुद्र घराच्या कोणत्या बाजूला होता? पोर काय खायची? ताप आला होता का कधी, तेव्हा जवळ कोण होतं? रस्ता चांगला होता का, अंधारात एकटी यायची का? दोन वर्षांचे सगळे प्रश्न ते एकेक करून माझ्यापुढे ठेवत होते, आणि ज्या मुलीला ते विचारायचे ती त्यांच्यापासून चार हातांवर उभी होती. तिच्या तोंडून आलेलं त्यांना पुरणार नव्हतं. त्यांना साक्षीदार हवा होता. मी खरं तेच सांगत गेले, तापाचंही सांगितलं. आणि रेहाना स्वतःचं आयुष्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकत राहिली, खाली मान घालून, पायाच्या अंगठ्यानं फरशीची फट रेटत.

माझं सांगून संपलं. खाली गल्लीत कुणीतरी हातगाडी ढकलत गेलं. अब्बा तिच्याकडे वळले, मला वाटतं कित्येक महिन्यांनी.

"तू गई त्यानं दुख नही माले," ते सावकाश म्हणाले. "पन रोज सांजले मी कोनासंगे बोलत व्हतू, ते सांग."

"मन्हासंगेच, अब्बा," ती म्हणाली. माझ्याशीच.

त्यांनी मान हलवली. होकाराची होती की नुसतीच, ते मला कळलं नाही. कप उचलून ते खाली दुकानात गेले.

रेहाना आता धुळ्यातच असते. तिथूनच काम करते, कंपनीनं वेळा थोड्या सैल केल्या आहेत. बापलेक एका दस्तरखानावर जेवतात, कापसाच्या भावाविषयी, भावाच्या मुलांविषयी बोलतात. त्यांच्यात अबोला नाही. फक्त ती बाहेर निघाली की पूर्वीसारखं ते विचारत नाहीत, कुठे चाललीस म्हणून. उशीर झाला तरी विचारत नाहीत. ती आपण होऊन सांगते, बाजारात जातेय, पांझरेच्या पुलाकडे जातेय, तेव्हा ते ऐकून घेतात. तिला मात्र वाटतं, एकदा तरी त्यांनी रागानं विचारावं. गेल्या महिन्यात फोनवर ती मला म्हणाली, "ताई, मी परत उनू हाई त्यासले कोनी सांगं नही असं वाटस." मी परत आले आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नाही, असं वाटतं.

 तेव्हापासून मी विचार करते आहे. माणूस दूर गेलं की विरह दिवसादिवसानं वाट्याला येतो, थोडा थोडा अंगवळणी पडतो, आणि म्हणूनच सोसतो. अब्बांना दोन वर्षांचा विरह एकाच संध्याकाळी, एका परक्या फाटकाशी उभ्या उभ्या, सबंध मिळाला. तो भोगून संपायला जेवढा काळ लागेल तेवढा लागणारच. आणि तोवर ते, समोर जेवायला बसलेल्या आपल्या मुलीची, मुकाट्यानं वाट पाहत राहतील.