नापास कोयते

सासऱ्यांचा कोयता मोडला तो सूनबाईच्या हातून. मागच्या दारातून ओढ्याकडे जाणाऱ्या पायवाटेवर एक वाळकं खोड आडवं आलं होतं. तिने हौसेने कोयता उचलला आणि खोडाखालच्या दगडावर दणका घातला. पात्याचा पुढचा तुकडा उडून गवतात पडला.

सासरे रागावले नाहीत, आणि तिला तेच खुपत होतं. "जाऊ दे," म्हणाले आणि टीव्हीसमोर जाऊन बसले. ते बसले ते बसलेच. एरवी रोज संध्याकाळी वाटेवरची काटेरी झुडपं छाटत छाटत ते ओढ्यापर्यंत जायचे आणि तिथल्या चपट्या दगडावर पाय पाण्यात सोडून बसायचे. आता वाट दोन्ही बाजूंनी मिटत चालली होती आणि सासऱ्यांना मालिकांमधल्या सगळ्या सुनांची नावं पाठ झाली होती.

सूनबाई पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. तिथे बाटलीभर पाण्यावरही चार चाचण्या केल्याशिवाय कोणी मत देत नसे. तेव्हा दुकानातून उगाच एखादा कोयता उचलून आणणं तिच्या स्वभावात बसणारं नव्हतं. पसंत न पडलेले परत घेण्याच्या बोलीवर तिने तीन कोयते आणले. एक लांब आणि हलका, एक आखूड आणि जड, आणि एक पुढे चोचीसारखा वाकलेला. अंगणात लाकडाचा ठोकळा मांडला, एकाच झाडाच्या सारख्या जाडीच्या फांद्या आणल्या, ओल्या एकीकडे, वाळक्या दुसरीकडे, आणि सुरू झाली खटाखट.

"उद्या त्यांची तोंडी परीक्षा आहे का गं?" सासऱ्यांनी खिडकीतून विचारलं.

"आधी प्रात्यक्षिक, बाबा."

"त्यातला नापास होईल तो मला दे," सासूबाई आतून ओरडल्या. "भोपळा फुटत नाहीये."

सूनबाईने हसण्यावारी नेलं, पण काम सोडलं नाही. प्रत्येक घावानंतर ती धारेवरून अंगठा आडवा फिरवून बघे, मूठ घामाने निसटते का ते बघे. चोचीचा कोयता सगळ्यांत सरस ठरला. फांदी ओली असो की वाळकी, एका घावात दोन तुकडे. तिने तो फडक्याने पुसला आणि सासऱ्यांपुढे धरला.

"पहिला नंबर."

सासऱ्यांनी तो हातात घेऊन वजन पाहिलं, मान डोलावली आणि मागच्या दाराकडे निघाले. जाताना नेहमीची ताकीद दिली. "मागे कोणी यायचं नाही. धारेचं काम आहे."

हा घरातला जुना नियम होता. सासरे छाटायला लागले की बाकीच्यांनी घरात राहायचं. सासूबाईसुद्धा लग्न झाल्यापासून तो पाळत आल्या होत्या.

थोड्या वेळाने ते परत आले, कपाळावर घाम आणि ओठांवर शेरा. "हा लाकडाला चावत नाही गं, नुसता चाटतो."

जड कोयत्याचंही तेच झालं. हलक्याचंही तेच.

"तुम्हाला मुद्दाम आवडून घ्यायचं नाहीये," सूनबाई अखेर वैतागून म्हणाली.

"अगं, मी पसंत पडायलासुद्धा त्यांना वर्ष लागलं होतं," सासूबाई म्हणाल्या. "तू कोयत्यांचं काय घेऊन बसलीस!"

सासरे हसले, पण लगेच टीव्ही लावायला वळले आणि स्वतःशीच बोलल्यासारखं पुटपुटले, "कोयत्यांचा दोष नाही. हात गेला माझा. तो जुना होता म्हणून निभावत होतं."

सूनबाईने तिन्ही कोयते उचलून एकत्र ठेवले. दुसरा कोयता आणता आला असता. हात कुठून आणणार?

पण न तपासता ती हेही मानणार नव्हती. ती पायवाटेवर गेली. सासऱ्यांनी नुकत्याच छाटलेल्या फांद्यांचे बुडखे चावल्यासारखे फाटले होते. शेजारी जुन्या कोयत्याने महिन्यापूर्वी छाटलेले बुडखे मात्र काकडीच्या कापासारखे गुळगुळीत. तिने चोचीच्या कोयत्याने स्वतः एक फांदी उडवली. तिचाही काप गुळगुळीत आला. फक्त तिरका उतार उलट्या दिशेला.

ती धावतच घरात आली आणि फळीवरून मोडका कोयता काढून नव्याशेजारी धरला. नव्याचं पातं डावीकडून सपाट होतं, उजवीकडून धारेकडे उतरतं केलेलं. जुन्याचं नेमकं उलट.

"बाबा, तुम्ही कोयता कोणत्या हाताने चालवता?"

"म्हणजे काय? हाताने."

"चालवून दाखवा."

सासऱ्यांनी उजव्या हाताने ठोकळ्यावर असा काही वेडावाकडा घाव घातला, की सासूबाईंनी आपला पाय चटकन मागे घेतला.

"बरं, आम्ही तोंड फिरवतो," सूनबाई म्हणाली आणि खरोखर भिंतीकडे वळली. सासूबाईंचा मात्र एवढी वर्षं नियम पाळून झाला होता. त्यांनी खुशाल मान वळवून पाहिलं.

"अगं बाई! डाव्या हाताने! इतकी वर्षं संसार केला आणि हे मला आज कळतंय?"

सासऱ्यांचे कान लाल झाले. "लिहायला, जेवायला उजवा हात लावला मास्तरांनी, पट्टी मारून मारून. कोयता धरायला कोणी शिकवलंच नाही, तेव्हा तो आपसूक डाव्या हातात गेला. लोक हसायचे. म्हणून कोणाला बघू देत नव्हतो."

"आणि आम्ही समजत होतो, आमची काळजी!"

"ती पण होतीच की," ते घाईघाईने म्हणाले.

"बाबा, तुमचा हात कुठेही गेलेला नाही," सूनबाई म्हणाली. "हे तिन्ही उजव्या हाताचे आहेत. तुमच्या हातात उतार आतल्या बाजूला येतो, म्हणून पातं फांदीवरून घसरतं. जुना ज्याने घडवला त्याने तुमचा हात बघूनच घडवला असणार."

सासरे आपल्या डाव्या पंजाकडे बघत राहिले. मग त्यांनी मूठ वळली आणि उघडली.

लोहाराने उलट्या उताराचा कोयता करून द्यायचं कबूल केलं, पण चौकशी केल्याशिवाय त्याला राहवेना. "घरात डावरं कोण आहे?"

"कोयता," सूनबाई म्हणाली.

नवा कोयता आला त्या संध्याकाळी टीव्ही बंद होता. सासरे मागच्या दारात उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "मागे कोणी..." मग थांबले. चोचीचा कोयता घेऊन सूनबाई चपला घालत होती.

"मागे नको," ते म्हणाले. "शेजारी चल. पण तू उजवी बाजू धर, डावी माझी. आणि दगड दिसला तर आधी मला हाक मार."

दोन्ही बाजूंनी खटाखट सुरू झाली. सासूबाई मधून चहाची किटली सांभाळत चालल्या होत्या आणि दोघांचे बुडखे निरखत होत्या.

ओढ्याशी पोचल्यावर सासऱ्यांनी चपटा दगड झाडला, पाय पाण्यात सोडले आणि किटलीकडे हात पुढे केला. डावा.

"आता चहासुद्धा?" सासूबाईंनी विचारलं.

"मास्तर इथे कुठे आलेत?" सासरे म्हणाले.