राणीच्या खोलीतला गारवा

बाकाचं एक टोक शिपायाने उचललं, दुसरं तिने. तिची आई नुकतीच त्यावरून उठली होती. लाकूड अजून कोमट होतं.

"जपून हं," शिपाई म्हणाला. "फरशीला ओरखडा गेला तर दोघांनाही घरी बसवतील."

ही एकेकाळची राणीची निजायची खोली. राजवाड्याचं संग्रहालय झालं, तेव्हापासून इथे राणीचं मोठं तैलचित्र होतं. चित्राचे रंग तडकू नयेत म्हणून अख्ख्या राजवाड्यात एसी काय तो याच खोलीत. बाहेर उन्हाने डांबर पातळ झालं होतं. पत्र्याखालच्या त्यांच्या घरात आई दोनदा चक्कर येऊन पडली होती. 'थंड जागेत ठेवा,' डॉक्टर म्हणाले. सांगायला काय जातं! या खोलीची राखण तिच्याकडे, म्हणून ती रोज आईचं तिकीट काढायची आणि तिला बाकावर बसवायची. घरच्या माणसांना कामावर आणायची बंदी होती, पण आई कुणाच्या अध्यात ना मध्यात. कुणाला कळलंही नव्हतं.

मग माणसांच्या श्वासाने खोलीत दमटपणा वाढतो, असं साहेबांच्या ध्यानात आलं. आजपासून बाक बंद, आणि चित्र पाहून झालं की लगेच बाहेर.

बाक ठेवून ती परतली तेव्हा आई चित्रासमोर उभी होती. एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकत होती.

"बया! एवढे दागिने घालून ही झोपायची तरी कशी गं?"

"आई, हळू. साहेब येतायत."

साहेब आत आले. आधी त्यांनी चित्र न्याहाळलं, मग आईला.

"या आजी केव्हापासून आहेत इथे?"

ही माझी आई आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. पण म्हटलं की नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर आईची औषधंही. तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय.

"आजी," ती म्हणाली, "झालं ना बघून? चला आता."

आईने तिच्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे पाहावं तसं. रुमाल डोक्याला गुंडाळला.

"हो मॅडम, निघतेच. बघत राहिले, भान राहिलं नाही. तुमची राणी फार देखणी आहे हो."

भिंतीला हात न लावता आई सावकाश उंबरा ओलांडून चौकात उतरली. चौकात कुठेच सावली नव्हती. मधोमध ती थांबली, कोणीकडे जावं ते तिला कळेना.

"दार लावा," साहेब म्हणाले. "गारवा जातोय."

तिने दार लावलं.