नऊ नंबरची जर्सी

जयेशकाकांच्या संघात अकरा मुलं होती आणि अकराही फॉरवर्ड. गोलकीपरसुद्धा. आईबापांचा हुकूमच तसा होता. गावी आजी-आजोबांना पाठवायच्या व्हिडिओत नातू गोल मारताना दिसायला हवा. बचाव करणाऱ्याचा व्हिडिओ कोण पाठवतो? दीडशे वर्षांपूर्वी विलायतेत असाच सगळ्यांनी पुढे धावायचा फुटबॉल होता. बहरीनच्या मराठी मंडळाने ती परंपरा निष्ठेने जपली होती.

या शुक्रवारी हरलो तर सित्रा भागातल्या मैदानावरचा आपला फुटबॉलचा तास अंताक्षरीला, असं अध्यक्ष विलासरावांनी जाहीर केलं. काकांचा जीव त्या तासात अडकलेला.

त्यांनी ताटात खजुरांचे भिडू मांडून मुलांना समजावलं, "हंगेरीत बुकोवी नावाचे प्रशिक्षक होते. त्यांनी मधला फॉरवर्ड असा मागे ओढला. त्याला मार्क करणारा, म्हणजे धरून राहणारा, समोरचा भिडू बुचकळ्यात पडला. पाठोपाठ जावं तर मागे खिंडार, न जावं तर हा मोकळा."

"काका, सागर एट द डिफेन्स," संघातली कस्तुरी म्हणाली. अध्यक्षांचा सागर बचावफळीचे खजूर चघळत होता.

उरलेल्या खजुरांवर काम भागलं. पण मागे ओढायचं कोणाला? ज्याचं पोर मागे, तो मंडळ फोडणार. शुक्रवारी काकांनी नऊ नंबरची जर्सी अध्यक्षांच्या सागरला घातली आणि त्याला मैदानाच्या मधोमध उभं केलं.

"जयेशराव, आमचा मागे का?"

"विलासराव, पाठीवर नंबर कुठला?"

"नऊ."

"मग? नऊ म्हणजे फॉरवर्डच की!"

अध्यक्षांनी समाधानाने मोबाइल उगारला.

समोर केरळवाल्यांचा संघ. तिथलेही आईबाप काही वेगळ्या मातीचे नव्हते. "नऊला सोडू नको!" असा त्यांचा एकच घोष. त्यांचा सगळ्यात दांडगा बचावपटू इमानाने सागरजवळ जाऊन उभा राहिला. सागर बुटाची नाडी बांधत होता. बचावपटूच्या मागे पाण्याचा टँकर वळेल एवढी जागा मोकळी पडली आणि तिथून कस्तुरीने चेंडू नेऊन जाळ्यात घातला. त्या एका गोलवर सामना जिंकला.

तो गोल कोणाच्याच मोबाइलमध्ये नव्हता. प्रत्येकजण आपापल्या पोराचं शूटिंग करत होता आणि कस्तुरीची आई शिफ्टवर होती.

"नऊ नंबरने सामना फिरवला!" विलासरावांनी भाषण ठोकलं. त्यांच्या तोंडून खरं ऐकायची काकांची ही पहिलीच वेळ.

मैदान वाचलं. पुढच्या शुक्रवारी मुलं हौसेने शिवून घेतलेल्या नव्या जर्सीत आली. अकराही पाठींवर नऊ.

"काका, नाऊ हू विल दे मार्क?" कस्तुरीने विचारलं.

काकांनी हात जोडले. "हे बुकोवींनाही सुचलं नव्हतं, बाळा. यल्ला, पळा!"