कडूबाईच्या गालाचे टाके

बैलाच्या शिंगानं कडूबाईचा गाल फाटला, तसा रंभाजीनं बायकोला गाडीत घालून जामखेडचा दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, "क्लोरोफॉर्मनं झोपवतो, नाहीतर सुई टोचून नुसता गाल बधिर करतो. झोपेत माणूस काहीबाही बरळतो, एवढंच."

कडूबाई दचकली. नवऱ्याचं नाव तिनं उखाण्याबाहेर कधी घेतलं नव्हतं; ते भर दवाखान्यात तोंडातून निसटलं तर?

"सुईच टोचा."

"अन् दोरा कंचा?" रंभाजीनं विचारलं.

"रेशमाचा आहे. घोड्याचा केस त्याहून बारीक, व्रण कमी दिसतो."

"मग केसच घाला. हसली की तितं खळी पडती तिच्या."

चारचौघांत हे बोलणं! आपण नाव जपत बसलो, अन् या माणसाला लाजच न्हाई, असं तिच्या मनात आलं.

"बाई," डॉक्टर म्हणाले, "टाके पडेपर्यंत हसू नका."